औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूर्यनमस्कारांचा विषय निघाला की औंधच्या राजाचं नाव निघतं, आणि नाव निघालं की प्रश्न सुरू होतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत, फक्त अगदी सारखे होते ते जोडून टाकले. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बाळासाहेब पंतप्रतिनिधी म्हणजे नेमके कोण?

पूर्ण नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. जन्म २४ ऑक्टोबर १८६८, निधन १९५१. सातारा भागातल्या औंध संस्थानाचे ते १९०९ पासून विलीनीकरणापर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत राजे होते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी. ए. झालेले. चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, रोज नमस्कार घालायचे आणि दुसऱ्यांनाही घालायला लावायचे. त्यांच्याच कारकिर्दीत, १९३९ साली, औंधच्या गावांकडे कायद्यानं कारभार सोपवला गेला. माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी गोष्ट, आणि लोकांना सर्वांत कमी माहीत असलेलीही हीच (प्रश्न १२).

२. औंध म्हणजे पुण्यातलं औंध ना? बाणेरजवळचं?

नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो की तो पहिलाच ठेवायला हवा होता. संस्थानाचं औंध सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. डोंगरावर यमाईचं मंदिर आहे ते हे औंध. पुण्यातलं औंध वेगळं, हिंगोली जिल्ह्यातलं ज्योतिर्लिंगाचं औंढा नागनाथ वेगळं, आणि जुन्या इंग्रजी कागदांत दिसणारं नबाबांचं औध म्हणजे लखनौकडचं अवध. इंग्रजी स्पेलिंगमुळे अवधची माहिती औंधच्या नावावर चिकटवलेली मी पाहिली आहे. नबाब वाजिद अली शाह आणि पंतप्रतिनिधी यांचा काहीही संबंध नाही.

३. "प्रतिनिधी" हे आडनाव आहे की पद? कोणाचे प्रतिनिधी?

मुळात पद, पुढे ते आडनावासारखं वापरात आलं. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना हे पद निर्माण झालं. प्रतिनिधी म्हणजे छत्रपतींच्या वतीनं कारभार पाहणारा, मान अष्टप्रधानांच्याही वरचा. पहिले प्रतिनिधी प्रल्हाद निराजी. औंधच्या घराण्याचे मूळ पुरुष परशुराम त्रिंबक. हे घराणं कोरेगावजवळच्या किन्हईचं. मोगलांविरुद्धच्या धामधुमीत परशुरामपंतांनी पन्हाळ्याकडचे किल्ले परत मिळवण्यात मोठं काम केलं. शाहू महाराज सुटून आले तेव्हा ते ताराबाईंच्या बाजूला होते, त्यामुळे त्यांना कैद भोगावी लागली. पुढे शाहूंनीच त्यांना पद परत दिलं आणि ते घराण्यात राहिलं.

पेशव्यांशी या घराण्याचं कधी फारसं जमलं नाही. श्रीपतराव प्रतिनिधी हे पहिल्या बाजीरावाचे दरबारातले कायमचे विरोधक. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर लढाईच झाली. त्या वेळचे प्रतिनिधी परशुराम श्रीनिवास लढाईत हात गमावून बसले, म्हणून लोक त्यांना थोटे पंत म्हणत. ते कैदेत असताना वासोट्याचा किल्ला लढवत ठेवला तो ताई तेलिणीनं. समोर पेशव्यांचा सेनापती बापू गोखले. "तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा" ही ओळ आमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून पाठ आहे. सेनापतीचा कासोटा सुटायची वेळ आणणारी बाई लोकांनी लक्षात ठेवली, लढाईची तारीख विसरले.

४. विशाळगडचेही पंतप्रतिनिधी आहेत. मग औंधचे आणि ते एकच का? आणि भोरचे पंत?

औंध आणि विशाळगड या एकाच मुळाच्या दोन फांद्या. मराठी राज्याच्या सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या, तेव्हा परशुराम त्रिंबकांच्या घरातली एक शाखा कोल्हापूरकडे प्रतिनिधी झाली. ती विशाळगडची. साताऱ्याकडे राहिली ती औंधची.

भोरचे पंत ते पंतसचिव, शंकराजी नारायणांचे वंशज. बावड्याचे पंत ते पंतअमात्य, आज्ञापत्रवाल्या रामचंद्रपंतांचे वंशज. चारही ठिकाणी "पंत" म्हणतात, त्यामुळे घोटाळा होणारच. "पंत" नंतरचा शब्द बघायचा.

५. संस्थान किती मोठं होतं? तोफांची सलामी होती का?

लहान. सुमारे ५०० चौरस मैल, ७२ गावं, १९३१ च्या खानेसुमारीत जेमतेम पाऊण लाख वस्ती. तेही सलग नाही. औंध एकीकडे, कुंडल दुसरीकडे, आटपाडी तिसरीकडे, आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे, आजच्या कर्नाटकात. मध्ये इंग्रजी मुलूख, सांगली, मिरज असं काय काय. नकाशावर शाई शिंतडल्यासारखं दिसतं. शिवाय आटपाडी आणि औंध दोन्ही माणदेशाच्या दुष्काळी पट्ट्यात, म्हणजे उत्पन्नही बेताचंच.

तोफांची सलामी नव्हती. बडोद्याला २१ तोफा, औंधला एकही नाही. इंग्रजी कागदांत "चीफ ऑफ औंध" असं सापडेल, इकडे लोक राजेसाहेब, पंत किंवा नुसतं बाळासाहेब म्हणत.

हा तुकड्यातुकड्यांचा नकाशा लक्षात ठेवा. प्रश्न १२ आणि १७ ला तो उपयोगी पडेल.

६. पुतण्याला बाजूला सारून त्यांनी गादी मिळवली असं ऐकलं. खरं का?

पुतण्या पदच्युत झाला आणि काका गादीवर आले हे खरं. "बाजूला सारून" हा शब्द मात्र बरोबर नाही. वडील श्रीनिवासराव १९०१ मध्ये वारले. मग थोरले भाऊ परशुरामराव ऊर्फ दादासाहेब गादीवर आले, ते १९०५ मध्ये गेले. त्यांचा मुलगा गोपाळकृष्णराव ऊर्फ नानासाहेब राजा झाला. त्याच्या काळात संस्थानचे कारभारी जेकब बापूजी यांच्या जिवावर उठल्याचं प्रकरण झालं आणि इंग्रजांनी नानासाहेबांना पायउतार केलं. ४ नोव्हेंबर १९०९ रोजी बाळासाहेब गादीवर आले. वय ४१.

धाकटा मुलगा म्हणून वाढल्याचा त्यांना फायदाच झाला. गादी आपल्याला मिळणार या कल्पनेत जे बालपण जातं ते त्यांचं गेलं नाही. कॉलेज झालं, मुंबई पाहून झाली, चित्रकलेचा नाद लागला, आणि मग चाळिशी उलटल्यावर राज्य हातात आलं.

७. सूर्यनमस्कार त्यांनीच शोधून काढले ना?

नाही. महाराष्ट्रात नमस्कार त्यांच्या कितीतरी आधीपासून घालत होते. तालमींत ते होते, समर्थांच्या परंपरेत होते, घरोघरी सूर्योपासनेचा भाग म्हणून होते. बाळासाहेबांनी केलं ते वेगळं. एका घरगुती उपासनेला त्यांनी शाळेच्या वर्गात, छापील तक्त्यावर आणि साहेबाच्या देशात नेलं.

गंमत म्हणजे त्यांची सुरुवात नमस्कारांनी झालेलीच नव्हती. त्या काळी युजेन सँडो या पहिलवानाची जगभर हवा होती. त्याचे डंबेल्स आणि पुस्तक मागवून बाळासाहेबांनी दहाएक वर्षं निष्ठेनं तो व्यायाम केला. मग थोरल्या मिरजेच्या राजेसाहेबांचं पाहून ते नमस्कारांकडे वळले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले.

१९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा तिथल्या न्यूज क्रॉनिकल दैनिकाच्या लुईस मॉर्गन या लेखिकेनं त्यांच्या व्यायामाबद्दल लिहिलं. पुढे १९३८ मध्ये "द टेन पॉइंट वे टू हेल्थ" हे इंग्रजी पुस्तक निघालं. सत्तरीला आलेला हिंदुस्थानी राजा रोज जमिनीला छाती टेकवतो आणि ठणठणीत आहे, याचं तिथल्या वाचकांना फार अप्रूप वाटलं.

८. त्यांच्या पद्धतीत दहा अंक आहेत, आम्ही शाळेत बारा शिकलो. बरोबर कुठलं?

दोन्ही चालतं, पण ते एकच नाही. औंधच्या पद्धतीत नमस्कार दहा अंकांचा. हात जोडून उभं राहायचं, खाली वाकून तळहात जमिनीला टेकवायचे, आणि मग एक पाय मागे, दोन्ही मागे, साष्टांग, छाती वर, कंबर वर, पाय पुढे असं करत परत यायचं. एकदा टेकवलेले हात शेवटपर्यंत जागचे हलवायचे नाहीत हा यातला कळीचा भाग. हात डोक्यावर नेऊन मागे वाकणं यात नाही. आजच्या बारा अंकांत ते आलंय, आणि आकडा वाढला तो प्रामुख्यानं त्यामुळे.

बारा आकडा डोक्यात बसण्याचं दुसरं कारण म्हणजे सूर्याची बारा नावं, मित्र, रवी, सूर्य, भानू अशी. ती नावं नमस्कारागणिक एक घ्यायची असतात, अंकागणिक नाही. बाळासाहेबांचा नावांइतकाच भर ह्रां, ह्रीं, ह्रूं या बीजाक्षरांच्या उच्चारावर होता. ती खणखणीत म्हटल्यानं पोट आणि छाती यांना व्यायाम होतो असं ते मानत. यातलं वैद्यकीय किती हे डॉक्टरांना विचारावं. दम वाढतो एवढं मी स्वतःच्या छातीवरून सांगू शकतो.

९. औंधमध्ये नमस्कार सक्तीचे होते का? मुलींनाही?

शाळांमध्ये, हो. आणि मुलींनाही. बायकांनी नमस्कार घालावेत याबद्दल ते आग्रही होते, राजवाड्यातल्या स्त्रियाही घालत. त्या काळाचा विचार करता हे साधं नव्हतं.

सक्ती मुलांना आवडायची का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. थंडीत पहाटे उघड्या अंगानं फरशीवर उभं राहणाऱ्या पोराला काय वाटत असेल ते समजायला इतिहासाची गरज नाही.

१०. किर्लोस्करवाडी औंध संस्थानात होती? मग कारखाना बेळगावहून तिथे कसा गेला?

होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरांचा छोटा कारखाना बेळगावात होता. शहराच्या वाढीसाठी ती जागा नगरपालिकेला हवी होती, म्हणून त्यांना उठावं लागलं. बाळासाहेब आणि लक्ष्मणराव एकमेकांना मुंबईच्या दिवसांपासून ओळखत. राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, वर दहा हजार रुपये बिनव्याजी. १९१० मध्ये तिथे वसाहत सुरू झाली.

माळ म्हणजे खरंच माळ. निवडुंग, साप आणि पाण्याची टंचाई. पण दोन गोष्टी होत्या, रेल्वे स्टेशन आणि बोलावणारा राजा. त्या निवडुंगावर कारखाना उभा राहिला, पुढे "किर्लोस्कर" मासिकही तिथूनच निघालं. नांगर विकायचा तर आधी शेतकऱ्याचं मन वळवायला हवं, हे त्या घराला फार लवकर कळलं होतं.

बाळासाहेबांची रीत यात दिसते. माणूस पारखायचा, जागा द्यायची आणि मग मध्ये लुडबूड करायची नाही. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांचंही तसंच. वेदांवर काम करणारे हे पंडित मूळचे चित्रकार. १९१८ पासून ते औंधला राहिले आणि स्वाध्याय मंडळाची पुस्तकं तिथून छापत राहिले. १९४८ च्या उलथापालथीनंतर ते गुजरातेत पारडीला गेले. त्यांचे चिरंजीव म्हणजे चित्रकार माधव सातवळेकर.

११. ते स्वतः किती चांगले चित्रकार होते? आणि महाभारताच्या आवृत्तीशी त्यांचा काय संबंध?

चित्रकार म्हणून हौशी, पण मेहनती. "चित्र रामायण" हे त्यांचं सर्वांत प्रसिद्ध काम. त्यांच्या चित्रांत रविवर्म्याची छाया स्पष्ट दिसते. फार मोठे चित्रकार म्हणता येणार नाहीत. चित्रं जमवणारे आणि चित्रकारांना पोसणारे म्हणून मात्र मोठेच (प्रश्न २०).

महाभारताचं प्रकरण असं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरलं, त्यामागे १९१८ मध्ये बाळासाहेबांनी देऊ केलेले एक लाख रुपये होते. त्यांच्या मनात सचित्र महाभारत होतं. विद्वानांनी त्या पैशावर जे उभारलं ते वेगळंच निघालं. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहणारं, पिढ्या खाणारं काम. १९१९ मध्ये रा. गो. भांडारकरांच्या हस्ते सुरुवात झाली, वि. स. सुखटणकरांनी त्याला शिस्त लावली, आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं तेव्हा बाळासाहेबांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पाऊण लाख वस्तीच्या संस्थानातून एक लाखाचा शब्द, हे प्रमाण पाहिलं की त्या रकमेचं वजन कळतं.

कीर्तनकार म्हणून ते खरोखर उभे राहून कीर्तन करत, हौसेखातर एखाद वेळ नव्हे. १९३५ मध्ये इंदूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

१२. "औंधचा प्रयोग" म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा.

नोव्हेंबर १९३८ मध्ये, वयाची सत्तरी गाठलेल्या बाळासाहेबांनी प्रजेला पूर्ण जबाबदार राज्यपद्धती देणार असं जाहीर केलं. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब तेव्हा विलायतेहून शिकून आले होते आणि गांधींच्या विचारानं भारले गेले होते. आप्पासाहेब, मॉरिस फ्रीडमन (प्रश्न १४) आणि मंडळी सेवाग्रामला गेली. राज्यघटनेचा मसुदा गांधींनी स्वतः बसून पाहिला, बदलला. २१ जानेवारी १९३९ रोजी ती औंधला लागू झाली.

रचना खालून वर जाणारी होती. प्रत्येक गावानं पाच पंच निवडायचे. गावोगावच्या पंचायतींचे प्रमुख मिळून तालुक्याची सभा. तालुक्याच्या सभांनी पाठवलेले लोक संस्थानच्या विधिमंडळात. मंत्री त्या मंडळाला जबाबदार. म्हणजे गावकऱ्यानं मत द्यायचं ते आपल्या ओळखीच्या, रोज पारावर भेटणाऱ्या माणसाला. कुठल्या लांबच्या पुढाऱ्याला नाही.

गावाकडे नुसती दिवाबत्ती दिली नव्हती. दिवाणी आणि फौजदारी तंट्यांचा निवाडा गावपंचायतीत व्हायचा. ज्या बांधावरून भांडण, तो बांध पंचांनी लहानपणापासून पाहिलेला. तिथे खोटी साक्ष द्यायला माणूस कचरतो. तालुक्याच्या कोर्टात कोण कुणाला ओळखतो? प्राथमिक शिक्षण, रस्ते, विहिरी यांचा विचारही गावानं करायचा आणि त्यासाठी महसुलातला वाटा गावाकडे यायचा.

आता प्रश्न ५ मधला नकाशा आठवा. विखुरलेल्या तुकड्यांचं संस्थान एका राजधानीतून चालवणं तसंही अवघडच. आटपाडीचा माणूस औंधला अर्ज घेऊन येणार कसा, गुणदाळचा किती दिवस चालणार? गावानं गावाचं पाहावं हे औंधच्या बाबतीत तत्त्व होतं तसं व्यवहारातलं शहाणपणही होतं. याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही.

राजाचा खर्चही या घटनेनं बांधला, वर्षाला ३६ हजार. सहीचा कागद राजाचा, आणि त्या कागदानं बांधला गेला तोही राजाच.

१३. म्हणजे त्यांनी राज्यत्याग केला?

नाही, आणि हा शब्द वापरू नये. गादी राहिली, राजा राहिला, यमाईचे उत्सव राहिले. कारभाराचे अधिकार गेले. शिवाय वर इंग्रजांचं सार्वभौमत्व होतंच, ते औंधच्या कुठल्याही कायद्यानं कमी होणारं नव्हतं. इंग्लंडचा राजा असतो तसं काहीसं, पण इथे अधिकार कुणी हिसकावून घेतले नव्हते. प्रजेचं बंड उभं राहिलेलं नव्हतं. त्याच सुमारास राजकोटसारख्या संस्थानांत प्रजेला सत्याग्रह करावा लागत होता, हे शेजारी ठेवून पाहा.

१४. हे मॉरिस फ्रीडमन कोण? "आय ॲम दॅट" वालेच का?

तेच. वॉर्सात जन्मलेले पोलिश ज्यू इंजिनिअर. म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्यामुळे बंगळूरच्या सरकारी विजेच्या सामानाच्या कारखान्यात आले. भगवी वस्त्रं घेऊन "भारतानंद" झाले. आप्पासाहेबांची गाठ पडली आणि औंधला आले. घटनेच्या कल्पनेमागे आणि मसुद्यामागे त्यांचा मोठा हात. गांधींच्या सांगण्यावरून त्यांनी चरख्यातही सुधारणा केल्या. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर, तेच "आय ॲम दॅट", जगभर गेलं. महाराजांच्या खेतवाडीच्या माडीवर ज्यांना फ्रीडमन यांचं नाव कळलं त्यांना आटपाडीचा माळ ठाऊक नसतो, आणि आटपाडीकरांना खेतवाडी.

१५. सगळ्यांना मताचा अधिकार होता का?

इथे जरा थांबायला हवं. मतदाराला लिहितावाचता आलं पाहिजे अशी अट होती, आणि ती गांधींना मान्य होती. हेतू असा की मतासाठी तरी लोक अक्षरं गिरवतील. त्यासाठी प्रौढांचे साक्षरतेचे वर्गही हवे होते. पण १९३९ च्या माणदेशात लिहितावाचता कुणाला येत होतं? ज्यांच्या घरात पाटी आधीच पोहोचली होती त्यांना. महारवाड्यात, मांगवाड्यात, बायकांमध्ये किती? औंधच्या कौतुकात ही गोष्ट झाकली जाते. प्रयोग मोठा होता, त्याची चौकटही तेवढीच खरी. गावानं गावाचं पाहायचं म्हटलं की गावातली उतरंडही त्यात आलीच.

१६. स्वतंत्रपूर अजून आहे का? "दो आँखें बारह हाथ" तिथेच घडला ना?

आहे. आटपाडीजवळची ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ च्या सुमारास सुरू झाली. कल्पना फ्रीडमन यांची, पाठबळ संस्थानचं. शिक्षा झालेल्या माणसांना भिंतीआड ठेवण्याऐवजी जमीन द्यायची, शेती करू द्यायची, बायकापोरांसह राहू द्यायचं. पहारा जवळपास नाहीच. विलीनीकरणानंतर ती सरकारी तुरुंगखात्याकडे गेली आणि चालू राहिली.

शांतारामबापूंच्या १९५७ च्या चित्रपटाची कथा ग. दि. माडगूळकरांची. बीज स्वतंत्रपूरचं. चित्रपटातले कैदी आणि प्रसंग मात्र कथेतले आहेत, स्वतंत्रपूरच्या दप्तरातले नाहीत. माडगूळकरांना हे माहीत असणं साहजिक होतं, माडगूळ आटपाडी भागातलंच. त्यांचं आणि धाकटे बंधू व्यंकटेश यांचं बालपण या मुलखातलं, गदिमा औंधला शिकले. आटपाडीचेच शंकरराव खरात. एवढ्याशा कोरड्या तालुक्यानं मराठीला तीन लेखक दिले. त्यांतल्या दोघांनी गावकुसाच्या आतलं लिहिलं, एकानं बाहेरचं. प्रश्न १५ चं उत्तर ज्यांना अपुरं वाटेल त्यांनी खरात वाचावेत.

१७. प्रतिसरकारला औंधनं मदत केली का? राजा पत्रीसरकारवाला होता?

राजा पत्रीसरकारवाला नव्हता. पण क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला, म्हणजे इंग्रजांना डावलून सातारा भागात चालवलेल्या भूमिगत सरकारला (लोकांच्या तोंडी पत्रीसरकार), औंधच्या हद्दीचा मोठा आधार झाला, हे नाकारता येत नाही. कुंडल हे औंधचं गाव, आणि जी. डी. बापू लाड कुंडलचे. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचं शिक्षण तिथे चाले. इंग्रजी हद्दीतला पोलीस संस्थानात शिरायचा तर रीतसर परवानगी लागायची, आणि मधल्या काळात भूमिगत माणूस दोन ओढे ओलांडून पुढे गेलेला असायचा. औंधचं सरकार अशा वेळी फार घाई करत नसे. विखुरलेला नकाशा इथे भूमिगतांच्या कामी आला.

प्रतिसरकारच्या न्यायमंडळांची कल्पना औंधच्या पंचायतीवरून आली का, असंही विचारतात. शेजारीशेजारी चाललेल्या गोष्टी होत्या, माणसं येत जात होती. त्यापलीकडे थेट सूत्र जोडायला मी धजणार नाही.

१८. प्रयोग इतका चांगला होता तर बंद का पडला?

बंद पडला नाही, संस्थानच संपलं. ८ मार्च १९४८ रोजी औंधसह दक्षिणेतली बरीच संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. नव्या राज्याचे कायदे लागू झाले, मामलेदार, कलेक्टर, कोर्टं आली. गावपंचायतीचे निवाड्याचे अधिकार गेले. ७२ गावांसाठी वेगळी पद्धत ठेवायला कुणाला सवड नव्हती.

त्याआधीचा महिनाही वाईट गेला. गांधीहत्येनंतर सातारा भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली, किर्लोस्करवाडीलाही आग लागली. गांधींनी ज्या संस्थानची घटना तपासली, त्याच मुलखात गांधींचं नाव घेत घरं पेटली.

पंचायत राज्याचा कायदा महाराष्ट्रात पुढे आला तेव्हा औंधची आठवण निघाली, पण निवाड्याचा अधिकार गावाकडे परत आला नाही.

१९. आप्पासाहेबांचं पुढे काय झालं?

संस्थानात ते पंतप्रधान होते. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी त्यांना परराष्ट्र खात्यात घेतलं. पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली अशा ठिकाणी ते भारताचे प्रतिनिधी होते. १९५४ मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये निधन. घराण्याचं आडनाव त्यांनी अक्षरशः जगून दाखवलं असं गमतीनं म्हणतात. परदेशात राजदूत असतानाही पहाटेचे नमस्कार चुकवत नसत, आणि त्यावर त्यांनी लिहिलंही.

२०. औंधला गेलो तर काय पाहू? एका दिवसात होईल का?

होईल, पण घाईनं. साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे रस्ता आहे, रेल्वेनं यायचं तर रहिमतपूर स्टेशन. गावात यमाईचं देऊळ, डोंगरावर मूळपीठ. जोतिबानं "ये माई" अशी हाक मारली म्हणून यमाई, असं सांगतात.

डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. १९३८ मध्ये, म्हणजे घटनेच्या घोषणेच्याच वर्षी, बाळासाहेबांनी आपला संग्रह लोकांसाठी खुला केला. रविवर्मा आणि धुरंधर यांची मूळ चित्रं, लघुचित्रं, अजिंठ्याच्या प्रतिकृती, हस्तिदंत, लाकूडकाम. आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं एक दगडी शिल्प, आई आणि मूल. मूरचं नाव जगभर व्हायच्या आधी ते खटाव तालुक्यात येऊन पोहोचलं होतं. ते पाहायचं विसरू नका, बरेच जण रविवर्म्यासमोर फोटो काढून परत फिरतात.

गाण्याची आवड असेल तर अश्विनात या. अंतुबुवा जोशी औंध दरबारचे गायक. त्यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या नावानं १९४० मध्ये सुरू केलेला संगीत उत्सव पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवांनी चालवला आणि आजही भरतो. रात्रभर बैठक चालते, तेव्हा अंगावर घ्यायला काहीतरी ठेवा, डोंगराचं वारं लागतं. संग्रहालयाच्या वेळा निघण्याआधी विचारून घ्या, सुट्टीच्या दिवशी पायऱ्या चढून कुलूप बघून उतरलेला मी एक आहे.